माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी काडतुसे सापडली तर काय करावे

गेल्या खंडे नवमीला माझ्या भाच्याचा फोन आला. शनिवार पेठेतला त्यांचा वाडा पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे माळा रिकामा करण्याचे काम चालू होते आणि पणजोबांच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी, मेणकापडात गुंडाळलेली सात पितळी काडतुसे त्याच्या हाती लागली होती. "मामा, वरची गोळी पकडीने ओढून काढली आणि आतली दारू ओतून टाकली, तर सगळ्या भावंडांना एकेक आठवण म्हणून देता येईल ना?" असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला प्रथम एवढेच सांगितले की, हातात आहे ते काडतूस होते तिथे हलकेच आडवे ठेव, खोलीबाहेर ये आणि मग आपण बोलू.

दारूगोळ्याच्या तपासणीच्या कामात माझी उभी नोकरी गेली. त्या काळात आणि त्यानंतरही हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. जुन्या लष्करी काडतुसात घरी फेरफार करण्याची सुरक्षित रीत अस्तित्वात नाही. गोळी काढणे, दारू बदलणे, टोक कापणे, भोक पाडणे, घासून चकचकीत करणे, यांपैकी काहीही घरात करू नये. तसे का करू नये हे पुढे सांगतोच. पण केवळ "हात लावू नका" असे सांगून माणसाची सुटका होत नाही, कारण वस्तू तर घरात असते आणि तिचे काहीतरी करणे भाग असते. ते काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कोणाला कळवायचे, हे या लेखात आहे.

सापडले त्या क्षणी

हातातली वस्तू खाली ठेवावी. ती टाकू नये, फेकू नये, दुसऱ्याच्या हातात देऊ नये आणि कानाशी धरून हलवून पाहू नये. काडतूस हलवल्यावर आत काही खुळखुळले तर दारू "मोकळी" आहे आणि न खुळखुळल्यास ती "गेली" आहे, असा एक समज पेठांमध्ये मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्याला काहीही आधार नाही. ज्या ट्रंकेत, डब्यात किंवा फडताळात काडतुसे सापडली ती जागा तशीच ठेवावी. ती नीट लावून ठेवण्याच्या किंवा मोजण्याच्या भरात पुन्हा हाताळू नये. खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, शेगडी किंवा वेल्डिंगचे काम चालू असेल तर ते आधी बंद करावे. लहान मुलांना बाहेर काढावे, दाराला कुलूप लावावे आणि किल्ली घरातल्या एकाच प्रौढ व्यक्तीकडे ठेवावी.

त्यानंतर साबणाने हात धुवावेत. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. जुन्या काडतुसाच्या गोळीवर आणि टोपीभोवती शिशाचे क्षार साचलेले असू शकतात, आणि ते हाताला लागून जेवणातून पोटात जातात.

पुढची पायरी ओळखण्याची आहे, पण ती दुरूनच करावी. दारात उभे राहून मोबाइलवर एक-दोन छायाचित्रे घ्यावीत आणि ती मोठी करून पाहावीत. वस्तू बोटाएवढ्या जाडीची, पितळी अंगाची आणि टोकाला निमुळत्या गोळीची असेल, तर ते रायफलचे काडतूस आहे. अंगठ्याएवढी जाड, कागदी किंवा प्लास्टिकच्या नळीची आणि बुडाशी पितळी वाटी असलेली वस्तू म्हणजे बारा बोअरच्या बंदुकीचे छर्ऱ्याचे काडतूस होय. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली येण्यापूर्वी शिकारीचा शौक असलेल्या घरांत ती हमखास असत. या दोन्हींपेक्षा वेगळे काही दिसले, म्हणजे मनगटाएवढा जाड गोळा, पंख असलेली वस्तू, पिन किंवा कडी असलेला लोखंडी गड्डा, टोकाला फिरणारी चकती असलेला पितळी शंकू, तर छायाचित्राचाही मोह सोडावा, सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. लष्करी सराव-क्षेत्रांच्या कडेने डोंगर फिरणाऱ्यांनी आणि तिथे जनावरे चारणाऱ्यांनी ही ओळ विशेष लक्षात ठेवावी, कारण न फुटलेला गोळा कसा वागेल हे त्याला उचलणाऱ्याला कधीच सांगता येत नाही.

काडतूस म्हणजे नेमके काय

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. बाहेरची पितळी नळी म्हणजे पुंगळी, तिच्या बुडात मध्यभागी बसवलेली बटणासारखी टोपी, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. पुण्यातल्या जुन्या घरांत सापडणारे नेहमीचे काडतूस म्हणजे थ्री-नॉट-थ्री, म्हणजेच .३०३. त्याची लांबी साधारण ७८ मिलिमीटर असते, त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि त्याची गोळी ११.३ ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ तोळाभर वजनाची असते. बुडावरचा शिक्का वाचता आला तर तो बरेच काही सांगतो. के आणि एफ ही रोमन अक्षरे आणि त्यांच्यामध्ये बाणाची खूण असेल, तर ते काडतूस आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले आहे. इंग्रजी अमदानीत त्या गावाला किरकी म्हणत. हा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. शिक्क्यातले दोन आकडे बहुधा वर्षाचे असतात. गोळीच्या टोकाला तांबडा, निळा, हिरवा किंवा काळा रंग दिसला, तर ती साधी गोळी नसून प्रकाशरेषा सोडणारी, आग लावणारी किंवा चिलखत भेदणारी असू शकते, आणि मग तिच्याबाबत दुप्पट सावध राहावे.

आता आतल्या दारूविषयी. पणजोबांच्या काळातल्या .३०३ मध्ये बहुधा कॉर्डाइट नावाची दारू असे. एखादे जुने काडतूस उघडलेले ज्याने पाहिले आहे त्याला ते दृश्य विसरता येत नाही: काळी भुकटी नव्हे, तर उन्हात वाळवलेल्या शेवयांसारख्या तपकिरी, लवचीक काड्यांची एक जुडी, जेमतेम अडीच ग्रॅमची. त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या शेवयांमध्ये नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन ही दोन स्फोटक द्रव्ये असतात. नंतरच्या काळातल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण ३० टक्के होते आणि सुरुवातीच्या प्रकारात तर ते ५८ टक्के होते. नुसत्या बोटांनी ते हाताळले तरी नायट्रोग्लिसरीन कातडीतून शरीरात जाते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके असह्य दुखू लागते.

दारूपेक्षाही मला भीती वाटते ती टोपीची. दारू मोकळ्यावर पेटली तर भडकन जळते. टोपीतले रसायन मात्र मुद्दाम असे बनवलेले असते, की त्याने एका टोल्यासरशी पेट घ्यावा. जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट, तर अलीकडच्या टोप्यांत शिशाचे स्टिफनेट असते. ठोका, चेपणे, घर्षण, ठिणगी यांपैकी काहीही त्याला पुरते. म्हणून पकड, हातोडी, शेगडा (म्हणजे वस्तू आवळून धरणारा व्हाइस) आणि ड्रिल ही चार साधने जुन्या काडतुसाजवळ येताच कामा नयेत. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवण्यासाठी काडतुसाला भोक पाडणाऱ्यांना वाटते की आपण टोपीपासून दूर आहोत. पण ड्रिलच्या टोकाशी तयार होणारी उष्णता आणि शेगड्यात चेपली जाणारी पुंगळी यांना ते अंतर ठाऊक नसते.

आम्ही खडकीत राहत असताना, मी सातवीत होतो तेव्हा, गल्लीतल्या एका मुलाने कुठूनतरी मिळालेले काडतूस फरशीवर उभे करून त्याच्या बुडाला खिळा लावला आणि वर दगड मारला. गोळी फार लांब गेली नाही. ती दोन हातांवर पडली होती. पुंगळी मात्र केळीच्या सालीसारखी फाटली आणि तिचा एक कपचा त्याच्या तळहातात, दुसरा भुवईच्या खाली घुसला. डोळा अर्ध्या बोटाच्या अंतराने वाचला. नळीत बंदिस्त नसलेले काडतूस असेच वागते: गोळी जड असल्यामुळे जागेवर राहते आणि हलके पितळ तुकडे होऊन उडते. "बंदुकीत नाही, मग काय होणार" हा युक्तिवाद त्यामुळे उलटा आहे. बंदुकीच्या पोलादी चेंबरमध्ये जो दाब कोंडलेला असतो, तो कोंडायला मोकळ्यावर काहीच नसते. त्या दाबाची कल्पना यावी म्हणून सांगतो की, घरच्या कुकरची शिट्टी चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाबाला उडते आणि रायफलच्या चेंबरमधला दाब त्याच्या तीन हजार पटींहून अधिक असतो. मोकळ्यावर तो तितका चढत नाही, पण पितळ फाडायला लागतो तेवढा सहज चढतो.

जुनेपणाने काय बिघडते

नायट्रोसेल्युलोज कधीच पूर्ण शांत नसते. वर्षानुवर्षे ते हळूहळू विघटित होत राहते आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. हे वायू शोषून घेण्यासाठी दारूत एक स्थिरकारक द्रव्य मिसळलेले असते. ते संपले की सुटलेले वायूच पुढच्या विघटनाला वेग देतात. आंबट, उग्र वास, पुंगळीच्या तोंडाशी हिरवट-निळसर कळकलेला थर, मेणकापडावर उठलेले तपकिरी डाग ही त्याची लक्षणे आहेत. लष्करी कोठारांत तापमान सांभाळतात आणि ठरावीक मुदतीने नमुने काढून प्रयोगशाळेत तपासतात ते याचसाठी. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यांत किती तापते हे पुणेकराला सांगायला नको. असे साठ-सत्तर उन्हाळे काढलेल्या दारूची अवस्था बाहेरून पाहून ओळखणे माझ्यासारख्याला नोकरीच्या अखेरीसही जमत नव्हते.

पितळाचेही तसेच आहे. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेला एक कोडे पडले होते: पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना, कोणी हात न लावता, आपोआप चिरा जात. काडतुसे बहुधा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळाच्या कणांमधल्या सांध्यांवर हल्ला करतो, हे कारण १९२१ मध्ये सिद्ध झाले. घडवताना पितळात राहिलेला ताण आणि अमोनिया एकत्र आले की धातू तडकतो. आता वाड्यातला माळा डोळ्यांपुढे आणावा: खाली कधीकाळी गोठा, वर कौलांच्या फटीत पारवे आणि त्यांच्या विष्ठेचे थर. पागेत जे होते ते सगळे येथे आहे. पितळ चमकवण्याच्या अनेक द्रव पॉलिशांमध्येही अमोनिया असतो, तेव्हा शोकेसमध्ये ठेवण्यासाठी काडतूस पॉलिश करणारा माणूस नकळत ती चीर स्वतःच्या हाताने वाढवत असतो. चिंच-मीठ लावून घासणाऱ्याचे वेगळे नुकसान होते: तो पितळावरच्या कळकलेल्या खुणा पुसून टाकतो, आणि पुढे ते काडतूस पाहणाऱ्या तज्ज्ञाला धोक्याची जी सूचना मिळाली असती ती नाहीशी होते, शिवाय बुडाशी घासताना टोपीवर अंगठ्याचा जोर येतो, तो वेगळाच.

फेरफाराचे प्रकार आणि त्यांतली फसगत

पाण्यात किंवा तेलात बुडवून काडतूस "मारता" येते, ही सगळ्यांत पसरलेली समजूत आहे. लष्करी काडतुसांच्या टोपीभोवती आणि गोळीच्या सांध्यावर ओल आत जाऊ नये म्हणूनच रोगणाचा थर दिलेला असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा चिखलात राहिलेल्या अनेक ट्रंका नंतर धुऊन-वाळवून पुन्हा माळ्यावर गेल्या. त्या पुरात भिजली म्हणून कोणतीही वस्तू निकामी झाली असे धरून चालू नये. भिजलेल्या काडतुसांत एखादे मेलेले असते, एखादे अर्धमेले असते आणि एखादे पूर्ण जिवंत असते, आणि तिन्ही दिसायला सारखीच असतात.

गोळीचे टोक कापण्याचा किंवा घासण्याचा प्रकार शिकारीच्या जुन्या गप्पांतून आलेला आहे. कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात टोक उघडे ठेवलेली .३०३ ची गोळी तयार झाली आणि ती अंगात शिरून पसरत असल्यामुळे युद्धात अशा गोळ्या वापरण्यास १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली, हा इतिहास त्या गप्पांच्या मुळाशी आहे. पण ती गोळी कारखान्यात त्यासाठीच घडवलेली होती. लष्करी गोळीचे कवच बहुधा मागून उघडे असते. पुढचेही टोक कापले की ते दोन्ही बाजूंनी उघड्या नळीसारखे होते; आतले शिसे पुढे निघून जाते आणि कवच नळीतच अडकून राहू शकते. त्यामागून दुसरा बार झाला की नळी फुटते, आणि ती फुटते ते नेमबाजाच्या डाव्या हाताशी आणि चेहऱ्याशी.

एका काडतुसातली दारू दुसऱ्यात भरणे किंवा जवळच्या मापाचे काडतूस दुसऱ्या रायफलीत "बसते का" ते पाहणे, हे तर त्याहून वाईट. .३०३ आणि .३१५ (नागरी परवान्यावर मिळणाऱ्या रायफलीचे माप) ही नावे शेजारची वाटतात, पण काडतुसे वेगळी आहेत. कोणत्या दारूचा किती भार कोणत्या गोळीमागे किती दाब निर्माण करतो, हे कारखान्यात दाबमापक नळीत प्रत्यक्ष बार काढून ठरवतात. डोळ्यांनी सारख्या दिसणाऱ्या दोन दारूंची जळण्याची गती सारखी नसते.

जाळून टाकण्याचा सल्लाही कोणी कोणी देतात. न्हाणीघरातल्या बंबात किंवा होळीत टाकलेले काडतूस केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. बहुधा ते, "काही झाले नाही" म्हणून कोणीतरी काठीने निखारे उकरायला जवळ जाते तेव्हा फुटते. तीच गत नदीत किंवा विहिरीत टाकण्याची: पाणी ओसरल्यावर ते कोणा मुलाच्या हाती लागते. आणि भंगारात तर कधीही टाकू नये. मोडीची पितळी भांडी गोणीत भरून जातात, त्यांत काडतूस मिसळले तर ते शेवटी भट्टीत पोहोचते, आणि कसब्यातल्या तांबट आळीत काय किंवा दुसऱ्या कुठल्या ओतकामाच्या शेडमध्ये काय, भट्टीसमोर बसलेल्या माणसाला आपल्या घरातल्या ट्रंकेची काहीच कल्पना नसते. मोड देण्यापूर्वी प्रत्येक तांब्या, प्रत्येक डबा उलटा करून पाहावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

जुना दारूगोळा निकामी करणे हे जाणकारांच्याही जिवावर बेतते. वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे २० नोव्हेंबर २०१८ रोजी, लष्करी भांडाराच्या क्षेत्रात जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. तिथे मोकळे मैदान होते, खड्डे होते, नियम होते. आपल्या बाल्कनीत यांपैकी काही नसते.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ३ नुसार बंदूक बाळगायला जसा परवाना लागतो तसाच काडतूस बाळगायलाही लागतो. विनापरवाना काडतूस बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. दारूगोळ्याची निर्मिती, विक्री, हस्तांतरण, रूपांतर यांना कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो आणि त्याच्या उल्लंघनाची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. भावंडांना एकेक काडतूस वाटणे हे हस्तांतरण आहे आणि रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पितळाच्या भावाने ते देऊन टाकणे ही विक्री आहे, हे माझ्या भाच्याच्या लक्षातच आले नव्हते. त्यात .३०३ हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारे माप, असल्यामुळे, ज्याच्याकडे .३१५ चा वैध परवाना आहे त्यालाही ते जवळ ठेवता येत नाही. लष्कराचे शिल्लक काडतूस सामान्य नागरिकाला विकत घेता येईल असा कोणताही वैध बाजार आपल्याकडे नाही. तसे कोणी देऊ करत असेल तर तो माल चोरीचा आहे असेच समजावे.

या शिक्षा वाचून घाबरून वस्तू लपवण्याची मात्र गरज नाही. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, ही भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे. माळ्यावर पणजोबांनी काय ठेवले हे माहीत नसणे हा अपराध नव्हे; माहीत झाल्यानंतर ते दडवून ठेवणे हा होऊ शकतो. घरात कोणाचा परवाना होता आणि ती व्यक्ती आता हयात नाही किंवा परवान्याची मुदत संपली आहे, अशा वेळी कलम २१ नुसार शस्त्र आणि काडतुसे अनावश्यक विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. तेव्हा परवान्याची जुनी पुस्तिका सापडली तर ती जपून ठेवावी, कारण काडतुसे घरात वैध मार्गाने आली होती याचा तोच पुरावा असतो.

सोपवण्याची रीत

काडतुसे स्वतः पिशवीत घालून, स्कूटरच्या डिकीत टाकून पोलीस ठाण्यात नेऊ नयेत. रस्त्यात अपघात झाला किंवा नाकाबंदीत झडती झाली, तर चांगल्या हेतूचे स्पष्टीकरण देताना नाकी नऊ येतील. आधी फोन करावा, स्थानिक पोलीस ठाण्याला किंवा ११२ ला, आणि चारच गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: काय सापडले, अंदाजे किती, घरात नेमके कुठे आणि कोणत्या अवस्थेत. कळकलेली, चिरलेली, फुगलेली किंवा वास येणारी काडतुसे असतील तर तसे आवर्जून सांगावे, म्हणजे बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलवायचे की नाही हे त्यांना ठरवता येते. फोनची वेळ लिहून ठेवावी.

तोंडी कळवण्याबरोबर लेखी अर्ज दिलेला नेहमीच बरा. भाच्याला मी सांगितलेला मजकूर असा होता:

"प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक. महोदय, आमच्या राहत्या वाड्याचा माळा आज रिकामा करत असताना, माझ्या दिवंगत पणजोबांच्या ट्रंकेत रायफलची काडतुसे असावीत अशा अंदाजे सात वस्तू आढळल्या. त्या ट्रंकेत आहेत याची आम्हां कुटुंबीयांपैकी कोणालाही पूर्वकल्पना नव्हती. वस्तू उघडलेल्या वा बदललेल्या नाहीत व सापडल्या त्याच ट्रंकेत, खोलीला कुलूप लावून ठेवल्या आहेत. त्या ताब्यात घेण्याची व्यवस्था व्हावी आणि या अर्जाची पोच मिळावी, ही विनंती."

खाली तारीख, वेळ, पत्ता, सही आणि घरातल्या आणखी एका प्रौढ व्यक्तीची सही असावी. पोलीस आल्यावर पंचनामा होईल. त्यातला वस्तूंचा आकडा, शिक्के आणि सापडल्याची जागा आपल्या अर्जाशी जुळते ना, हे वाचून मगच सही करावी आणि प्रत मागून घ्यावी. काडतुसांची संख्या मोठी असेल, शस्त्रही सापडले असेल किंवा वाड्यात भाडेकरूंचे सामान मिसळलेले असेल, तर अर्ज देण्याआधी वकिलाशी बोलून घ्यावे. पण त्यासाठी दिवसामागून दिवस जाऊ देऊ नयेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत घालणे हा यातला सगळ्यांत नाजूक भाग आहे. माझ्या बहिणीच्या सासूबाईंना ती काडतुसे म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची शेवटची खूण वाटत होती आणि खंडे नवमीला ती पूजेत मांडावीत असे त्यांच्या मनात होते. मी त्यांना म्हणालो, "आई, खूण ट्रंकेत आहे, मेणकापडाच्या गाठीत आहे, त्यांच्या हातच्या हिशोबाच्या वहीत आहे, ही सात पितळी नळकांडी पोलिसांना द्यावीत आणि पूजेत त्यांची तलवारीची म्यान मांडावी." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनीच भाच्याला फोन लावायला सांगितले. स्मृती जपायची असेल तर छायाचित्रे मोठ्या आकारात काढून घ्यावीत आणि त्या व्यक्तीने कुठे, केव्हा चाकरी केली हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवावे. कोणी "निकामी केलेले आहे" असे सांगून शोभेचे काडतूस विकत असेल तर ते घेऊ नये. निकामी असल्याची खात्री बाहेरून करता येत नाही.

ज्यांच्याकडे वैध परवाना आहे आणि जे बालेवाडीसारख्या रेंजवर सराव करतात, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावती घेऊन, परवान्यात नमूद असलेल्या संख्येतच घ्यावीत आणि वारशात आलेली जुनी पेटी नव्या खोक्यात मिसळू नये. चाप ओढल्यावर बार झाला नाही तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण काही वेळा टोपी उशिरा पेट घेते. मग रेंज अधिकाऱ्याला बोलवावे आणि ते काडतूस त्याच्याच हाती द्यावे. ते खिशात घालून घरी आणणे म्हणजे पुढच्या पिढीच्या माळ्यावर तोच प्रश्न ठेवून जाणे.

काडतुसे घराबाहेर गेल्यानंतर दोन कामे उरतात. ज्या कापडात ती गुंडाळलेली होती ते धुऊन पुन्हा वापरू नये. त्यावर डाग किंवा काड्यांचे तुकडे दिसत असतील तर ते कापडही आलेल्या पथकाला दाखवून त्यांच्याकडेच द्यावे. दुसरे काम उरलेल्या घराचे. जिथे सात निघाली तिथे आणखी असू शकतात, तेव्हा तुळईवरचे कोनाडे, देवघरामागची पोकळी, धान्याच्या जुन्या कणग्या, शिवणयंत्राचे खण आणि खुंट्यांवर लटकलेल्या चामडी पिशव्या, हे सगळे दिवसाच्या उजेडात, मजूर लावण्याआधी, घरातल्या दोघांनी मिळून पाहावे. आमच्याकडे आठवे काडतूस असेच तीन दिवसांनी, खुंटीवरच्या जुन्या कोटाच्या अस्तरात सापडले, आणि त्यासाठी भाच्याने पहिल्या अर्जाचा हवाला देऊन दुसरा अर्ज त्याच दुपारी दिला.